बारा बिऱ्हाडं आणि तीन कॉट

गेल्या ऑक्टोबरात, वसुबारसेच्या तीन दिवस आधी, आम्ही पुन्हा आमच्या गल्लीत राहायला आलो. फर्ग्युसन रस्त्यावरून आत वळलं की वडांची सावली संपते आणि झेरॉक्सची दुकानं सुरू होतात, तिथली ही गल्ली. पहिलं पत्र लिहिलं ऑगस्ट २०१९ मध्ये, किल्ली मिळाली ऑक्टोबर २०२५ मध्ये. मधल्या सहा वर्षांत इतक्या जणांनी फोन करून "तुमच्या रीडेव्हलपमेंटचं कसं झालं हो?" विचारलं की आता एकदा लिहूनच काढते. मी सोसायटीची सचिव. हे पद मी मागून घेतलेलं नाही. २०१८ च्या वार्षिक सभेला अर्धा तास उशिरा पोचले, तोवर माझी निवड होऊन गेली होती.

आधी जागेबद्दल. आजोबांचं नारायण पेठेतलं बिऱ्हाड १२ जुलै १९६१ ला पानशेत धरण फुटलं त्या पाण्यात गेलं. त्यानंतर दहा वर्षं नातेवाइकांकडे काढून १९७१ मध्ये त्यांनी इथे फ्लॅट घेतला. एका बंगल्याच्या ९०० चौरस मीटर प्लॉटवर तीन मजली इमारत, मजल्यावर चार, अशी बारा बिऱ्हाडं. लिफ्ट नाही. गच्चीवरून फर्ग्युसनची टेकडी दिसायची. फर्ग्युसन १८८५ चं, बीएमसीसी १९४३ चं, लॉ कॉलेज १९२४ चं. सगळी चालत जाण्याच्या अंतरावर. त्यामुळे इथल्या घरांत दोन प्रकारची माणसं राहतात, घरवाले आणि कॉटवाले. बाबा १९८८ मध्ये गेले आणि आईने बाहेरच्या खोलीत तीन लोखंडी कॉट टाकल्या. लातूर, नांदेड, जळगावहून शिकायला आलेल्या मुली राहायच्या. कॉट बेसिस, सकाळचा चहा आपला, अंघोळीला गरम पाणी सातपर्यंत. आई त्यांची मावशी. तिच्याकडे एक लांबट वही आहे. त्यात प्रत्येकीचं नाव, गाव, कॉलेज आणि डिपॉझिट. शेवटच्या नावासमोरचा आकडा १२६.

ऑगस्ट २०१९ च्या पावसात पार्किंगच्या छताचा एक पोपडा खाली आला. ताटाएवढा तुकडा होता, आत गंजलेली सळई दिसत होती. लागला कुणाला नाही, पण खाली एका मुलीची स्कूटर होती, तिच्या सीटचं भगदाड मी अजून विसरले नाही. आम्ही स्ट्रक्चरल ऑडिट करून घेतलं. फी एक लाख दहा हजार, सदनिकेमागे नऊ-सव्वानऊ हजार. अहवालाचा मथितार्थ असा की दुरुस्ती करता येईल, पण खर्च करून दहा वर्षांनी पुन्हा इथेच याल. जानेवारी २०२० च्या सभेत पुनर्विकासाचा विचार करायचं ठरलं आणि मार्चमध्ये सगळं जग बंद पडलं.

त्या बंद काळात मी फाइल उघडली, आणि पहिला धक्का बसला. इमारत सोसायटीची, पण जमीन कागदोपत्री अजून १९७१ च्या बिल्डरच्याच नावावर. अभिहस्तांतरण, म्हणजे जमीन सोसायटीच्या नावावर करून देणारं कन्व्हेयन्स, झालंच नव्हतं. पन्नास वर्षं आम्ही देखभाल खर्च, मिळकत कर, सगळं भरत होतो आणि मिळकत पत्रिकेवर आमचं नावच नव्हतं. बिल्डर कधीच वारले होते. मग मानीव अभिहस्तांतरणाचा अर्ज, म्हणजे बिल्डरऐवजी सरकारी आदेशाने जमीन नावावर करून घेण्याचा. तो जिल्हा उपनिबंधकांकडे करायचा असतो. कागद लागले ते असे: सोसायटीचा नोंदणी दाखला, 'जे' नमुन्यातली सभासदांची यादी, बाराही सदनिकांचे करार आणि सूची क्रमांक २ (त्यांच्या नोंदणीचा उतारा), मंजूर नकाशा, भोगवटा पत्र (इमारतीत राहायला हरकत नसल्याचा महापालिकेचा दाखला), आर्किटेक्टचा दाखला, बिल्डरच्या वारसांना पाठवलेली नोटीस आणि तिची पोच. एका सभासदाचा मूळ करार वाळवीने खाल्ला होता. त्याची प्रमाणित प्रत काढण्यात तीन आठवडे गेले. १९७१ चं भोगवटा पत्र तर एका काकूंच्या देवघरातल्या ट्रंकेत, श्रीसूक्ताच्या पोथीखाली सापडलं.

अर्ज जानेवारी २०२१ मध्ये. आदेश सप्टेंबरमध्ये, दस्तनोंदणी डिसेंबरमध्ये आणि नगर भूमापन कार्यालयातून सोसायटीचं नाव लागलेली मिळकत पत्रिका हातात आली मार्च २०२२ मध्ये. वकिलांसकट खर्च साधारण पावणेदोन लाख. तुमची इमारत आज ठणठणीत असली तरी हे काम आजच सुरू करा. बिल्डरकडे जाताना जमीन आपल्या नावावर असली की बोलण्याचा सूरच बदलतो.

पुढचा टप्पा म्हणजे पीएमसी नेमणं. इथे एक गंमत आहे. प्रकल्प सल्लागाराला पीएमसी म्हणतात आणि पुणे महापालिकेलाही सगळे पीएमसीच म्हणतात. "पीएमसीचं पत्र आलं का?" असं कुणी विचारलं की पहिले दोन महिने मला कळायचंच नाही की कुणाचं. एप्रिल २०२२ च्या विशेष सभेत आम्ही सल्लागार नेमला. त्याने व्यवहार्यता अहवाल काढला आणि पहिल्याच बैठकीत विचारलं, "गल्ली किती रुंद आहे?"

आम्हाला वाटलं, काहीतरी बोलायचं म्हणून विचारतोय. पण सगळा खेळ त्याच प्रश्नावर होता. डिसेंबर २०२० मध्ये राज्यात एकत्रित बांधकाम नियमावली आली, तिच्यात किती बांधता येईल हे रस्त्याच्या रुंदीवर ठरतं. प्लॉटच्या किती पट बांधता येईल तो आकडा म्हणजे एफएसआय. रस्ता ९ मीटरपेक्षा कमी असेल तर फक्त मूळ १.१० एफएसआय, प्रीमियम (पैसे भरून मिळणारा जादा एफएसआय) नाही, टीडीआर (दुसऱ्या जागेचा विकत घेतलेला बांधकाम हक्क) नाही. ९ मीटर भरला की १.१० अधिक ०.५० प्रीमियम अधिक ०.४० टीडीआर, म्हणजे २.००, आणि त्यावर जिने, बाल्कन्या वगैरेंसाठीचा पूरक एफएसआय ६० टक्क्यांपर्यंत. पुण्यात २०२० मध्ये ३२३ सहा मीटरी रस्ते नऊ मीटरचे करण्याचा प्रस्ताव आला आणि त्यावर एवढा गदारोळ झाला, तो का, हे मला त्या दिवशी कळलं.

दिवसा गल्लीत मुलांच्या गाड्या दोन्ही बाजूंना लागलेल्या असतात, टेप टाकायला जागा नसते. म्हणून रविवारी सकाळी सहाला पहिल्या मजल्यावरचे सर आणि मी टेप घेऊन उतरलो. सर संख्याशास्त्राचे निवृत्त प्राध्यापक. गल्लीत त्यांना नाव नाही, ते सगळ्यांचे सरच. एका कुंपणापाशी मी टोक धरलं, समोरच्या कुंपणापाशी ते वाकले. आठ मीटर पंधरा. पुन्हा मोजलं. आठ मीटर पंधरा. दूधवाला थांबून बघत होता. नगररचना योजनेच्या नकाशात मात्र गल्ली ९ मीटरचीच होती. म्हणजे गेल्या काही दशकांत कुंपणंच हळूहळू पुढे सरकली होती. कुणी तुळशीसाठी, कुणी जिन्यासाठी. आमचंसुद्धा. आमच्या प्राजक्ताचं आळं अख्खं रस्त्यात होतं. सर टेप गुंडाळत म्हणाले, "आपण सगळ्यांनी मिळून रस्त्याचे पंच्याऐंशी सेंटिमीटर खाल्ले, आणि आता तेच आपल्या घशात अडकलेत." सरकारी मोजणी करून तिचा अधिकृत नकाशा, म्हणजे 'क' प्रत, घेतली, समोरच्या दोन सोसायट्यांना पत्रं दिली, कुंपण मागे घेण्याचं लेखी दिलं. यात अडीच महिने गेले. पत्रं देताना समोरच्या सोसायटीच्या अध्यक्षांनी मला चहा पाजला आणि त्यांचाही अहवाल दाखवला. तेही त्याच पंच्याऐंशी सेंटिमीटरवर अडले होते.

निविदा मागवल्यावर सहा बिल्डर आले. एकाने ३५ टक्के जादा चटईक्षेत्र, म्हणजे घराच्या आतली वापरायची जागा, कबूल केलं आणि आमच्या जिन्यात पेढे वाटायचेच बाकी राहिले. सरांनी त्याचा नकाशा आलेख-कागदावर उतरवला. रात्री दहाला त्यांनी मला वर बोलावलं. "हे बघ. जुन्या ६४० चौरस फुटांत आपण बाल्कनी धरलेली नाही. याने नवीन ८६४ मध्ये बाल्कनी आणि ड्राय बाल्कनी मिळून ११५ घुसडलेत. राहिले ७४९. म्हणजे सतरा टक्के." रेरा या घरबांधणीच्या कायद्याच्या व्याख्येत चटईक्षेत्रात बाल्कनी येत नाही, हे लक्षात ठेवा आणि प्रत्येक निविदेत 'रेरा चटईक्षेत्र' हाच शब्द लिहून घ्या. शेवटी आम्ही ज्याला निवडलं त्याने २२ टक्केच दिले होते, पण ते खरे होते: ७८१ फूट.

गंमत अशी की सर स्वतः विरोधात होते. पहिल्यापासून शेवटपर्यंत. त्यांचं म्हणणं होतं की दुरुस्ती करावी, दहा वर्षांनी आपल्यापैकी कुणाला बघायचंय. तरी प्रत्येक कागद त्यांनीच सगळ्यात नीट वाचला. आमच्या गटात काही जण त्यांना 'अडवणारे' म्हणत. मी एकदा तसं म्हणाले, त्याची अजून लाज वाटते.

बिल्डर निवडीची सभा ९ ऑक्टोबर २०२२, रविवारी. ४ जुलै २०१९ चा, सहकारी संस्था कायद्याच्या कलम ७९-अ खालचा शासन निर्णय सचिवाने पाठच करून ठेवावा: सभेची नोटीस चौदा दिवस आधी, गणपूर्तीला दोन तृतीयांश, मंजुरीला एकूण सभासदांपैकी ५१ टक्के, निबंधक कार्यालयाचा प्रतिनिधी हजर, आणि चित्रीकरण. आमच्या बारांत गणपूर्ती आठ, मंजुरी सात. एक सभासद अमेरिकेत, एक रुग्णालयात. आले दहा. नऊ बाजूने, सर विरुद्ध. चित्रीकरणासाठी लग्नाचे व्हिडिओ करणारा मुलगा बोलावला होता, साडेतीन हजार रुपये. त्याने सवयीने प्रत्येक सभासदाच्या चेहऱ्यावर हळूच झूम केलं. सरांच्या चेहऱ्यावर जरा जास्तच वेळ.

विकसन करार जानेवारी २०२३ मध्ये नोंदला. आमच्या आग्रहाने त्यात दोन गोष्टी आल्या. प्रकल्प खर्चाच्या २० टक्क्यांची बँक हमी, आणि बांधकाम होईपर्यंत बिल्डरने आम्हाला द्यायचं घरभाडं उशिरा आलं तर व्याज. दुसरी आमच्या खरंच कामी आली. तिसऱ्या हप्त्याचा चेक सात आठवडे लांबला, आणि व्याजाच्या कलमाचं एक पत्र गेल्यावर चार दिवसांत आला. दरम्यान सात आठवडे झोप गेली, ती मात्र कुठल्या कलमात बसत नाही.

बांधकाम परवानगी ऑगस्टमध्ये आली. त्याच महिन्यात बारा घरांचे पर्यायी जागेचे करार दोन दिवसांत नोंदवले. नोंदणी कार्यालयात आईचं बोट यंत्राला ओळखू येईना. वय चौऱ्याऐंशी, भांडी घासून रेषा गेलेल्या. ओल्या फडक्याने पुसलं, बोट गालावर घासलं, पुन्हा ठेवलं. अकरा वेळा. बाराव्यांदा लागलं तेव्हा रांगेतल्या लोकांनी टाळ्या वाजवल्या. घरातली माणसं फार म्हातारी असतील तर गृहभेटीची सोय असते, अर्ज करून अधिकारी घरी येतात. हे मला नंतर कळलं.

करारांवर सह्या झाल्या त्या संध्याकाळी आईने विचारलं, "मुलींचं काय?"

खरं सांगते, चार वर्षांत हा प्रश्न मी एकदाही विचारला नव्हता. सभासदांना भाडं मिळणार होतं, सामान हलवायचे पैसे, दलाली, कॉर्पस म्हणजे एकरकमी निधी. मुली कुठल्या नमुन्यात नव्हत्या. आईला कॉटमागे साडेचार हजार मिळायचे, महिन्याचे साडेतेरा हजार. तेही कुठे धरलेले नव्हते. आमच्या एका इमारतीत तेव्हा एकूण चौदा मुलं-मुली कॉटवर राहत होती, हे मी त्या रात्री प्रथमच दारोदार विचारून मोजलं. सरांकडे दोन मुलं होती, एमपीएससीची. परीक्षेपर्यंत थांबा, असं सरांनी त्यांना सांगून ठेवलं होतं. मी बिल्डरशी बोलले. तो वाईट माणूस नव्हता, म्हणाला, "ताई, त्यांचा आणि माझा काही करारच नाही." बरोबरच होतं. आम्ही सभासदांनी दोन दोन हजार काढून त्यांच्या टेम्पोंचे पैसे दिले आणि डिपॉझिटं वेळेवर परत केली. यापेक्षा जास्त काही केलं नाही. तुमच्याकडे कॉटवर मुलं असतील तर निदान त्यांना चार महिने आधी सांगा. आम्ही सहा आठवडे आधी सांगितलं, आणि ऐन सत्राच्या मधे या भागात कॉट मिळत नाही.

घर सोडायची तारीख तीनदा बदलली. गणपती याच घरात व्हावा असं सगळ्यांना वाटत होतं, म्हणून अनंत चतुर्दशीनंतर ठरलं. तर दुसऱ्या दिवसापासून पितृपक्ष. कोण हलणार? शेवटी घटस्थापनेच्या दुसऱ्या दिवशी, १६ ऑक्टोबर २०२३ ला, बारा किल्ल्यांचा जुडगा बिल्डरच्या हातात ठेवला. भंगारवाल्याने आईच्या दोन कॉट किलोवर नेल्या. तिसरी तिने दिली नाही. कोथरूडच्या भाड्याच्या घरात ती बाल्कनीत उभी करून ठेवली होती, दोन वर्षं तिच्यावर कपडे वाळले.

मागच्या अंगणातल्या आंब्यावर वृक्षतोडीची नोटीस चिकटवलेली मी स्वतः वाचली. हरकती मागवल्या होत्या. हरकत घेणार कोण, अर्जदार आम्हीच. नव्या नियमाप्रमाणे झाडाचं जेवढं वय तेवढी झाडं लावावी लागतात. आमच्या आंब्याचं वय लिहिलं होतं बेचाळीस. ती बेचाळीस रोपं कुठे लावली त्याचा फोटो आणि जागा बिल्डरकडून घेऊन ठेवा. आम्ही घेतली, दोनदा जाऊन पाहिली. पहिल्या खेपेला एकोणचाळीस जिवंत होती.

पुढच्या दोन वर्षांबद्दल सांगण्यासारखं कमी आहे, वाट बघणंच जास्त. जोते तपासणीचा, म्हणजे पायापर्यंतचं काम तपासल्याचा, दाखला जून २०२४ मध्ये आला. त्यानंतर मी दर पंधरवड्याला संतोष बेकरीचे पॅटिस घ्यायच्या निमित्ताने जाऊन स्लॅब मोजत असे. साइटवर जाताना एकच करा: तुमच्या घरातले प्लगचे बिंदू आणि नळांच्या जागा प्लास्टरच्या आधी टेपने मोजून फोटो काढा. आमच्या स्वयंपाकघरात सिंक खिडकीखाली हवं होतं, ते भिंतीकडे गेलं होतं. प्लास्टरच्या आधी दिसलं म्हणून सुटलं. सरांनी तर स्वतःच्या घराचा आलेख-कागद मुकादमालाच नेऊन दिला होता.

सर नव्या घरात आले नाहीत. मार्च २०२५ मध्ये गेले. त्यांची मुलगी राहायला आली आहे. तिने तो आलेख-कागद चौकटीत बसवून हॉलमध्ये लावलाय.

भोगवटा पत्र ६ ऑक्टोबर २०२५ चं. ते हातात आल्याशिवाय आम्ही एकही खोकं आत नेलं नाही. दिवाळीचं कारण सांगून "आधी राहायला या, कागद मागून येतील" असं सुचवणारे होतेच. तुम्ही ऐकू नका. आता पार्किंग आणि वर सात मजले, एकवीस घरं. जुनी बारा, नवी नऊ. लिफ्ट आहे. टेकडी दिसते, पण फक्त सातव्या मजल्यावरून. आमच्या तिसऱ्यावरून समोरच्या सोसायटीचा नवा स्लॅब दिसतो. गल्ली खरंच नऊ मीटर झाली आहे. कोपऱ्यावरची खानावळ होती तिथे आता महागड्या कॉफीचं दुकान आहे. झेरॉक्सवाला टिकलाय, तो सांगतो की छपाईचं काम अर्ध्यावर आलं, मुलं आता लांब राहतात आणि मेट्रोने येतात. डेक्कन जिमखान्याचं स्थानक ऑगस्ट २०२३ पासून सुरू आहे, तेव्हा ते खरंही असेल.

नव्या सभासदांशी अजून नीट ओळख व्हायची आहे. त्यांच्यापैकी तिघांनी मिळून येत्या सभेसाठी एक विषय दिला आहे: 'विद्यार्थी व अविवाहित व्यक्तींना सदनिका अथवा खोली भाड्याने देऊ नये.' मी उपविधी काढून बघितले. भाड्याने देण्यासाठी सोसायटीची परवानगी लागत नाही, आठ दिवस आधी कळवावं लागतं एवढंच. पण विषय आला की सचिवाला तो विषयपत्रिकेत घ्यावा लागतो. घेतला. पाचवा.

परवा रात्री नोटीस छापत होते तेव्हा आईचा फोन वाजला. नांदेडची एक मुलगी, आईच्या वहीतल्या ८१ नंबरची भाची. फर्ग्युसनला प्रवेश मिळालाय, म्हणाली, कॉट रिकामी आहे का? आईने बाहेरच्या खोलीकडे बघितलं. तिथे ती तिसरी कॉट आहे, नव्याने हिरवा रंग दिलेली.

"रविवारी ये बघायला," आई म्हणाली.

सभाही रविवारीच आहे, सकाळी साडेदहाला.